सीमाभागात नव्याने राहायला आलात? पंचायतीपासून सुरुवात करा

चंदगडहून लग्न होऊन उचगावला आलेली सून, कोल्हापूरहून बेळगावात नोकरीला आलेला मुलगा, पुण्यातलं बिऱ्हाड हलवून खानापूर तालुक्यात गावी परतलेलं कुटुंब. या सगळ्यांना पहिल्या काही महिन्यांतच तीच अडचण येते. नळाला पाणी आलं नाही तर सांगायचं कोणाला? घरपट्टी कुठे भरायची? शाळेची गळकी कौलं कोण बदलणार? महाराष्ट्रात सरपंच, ग्रामसेवक, बीडीओ ही नावं तोंडपाठ असतात. इथे माणसं वेगळी, कागद कानडीत, आणि शेजारी विचारावं तर तेही म्हणतात, "आमदारांकडे जाऊन बघा."

आमदारांकडे जायला हरकत नाही. पण गावातल्या बहुतेक कामांचं खरं दार ते नाही. सीमाभागात आपली नजर फार काळ वर लागून राहिली आहे: मुंबईकडे, बंगळूरकडे, दिल्लीकडे. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पाणी, गटार, गल्लीतला दिवा, घरकुलाची यादी यांचा निर्णय मात्र आपल्याच गावात भरणाऱ्या सभेत होतो. येळ्ळूर असो, कडोली असो की नंदगड, त्या सभेत लोक मराठीतच बोलतात. ती सभा आपण रिकामी ठेवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

पायरी पहिली: आपण कुणाच्या हद्दीत आहोत ते पक्कं करा

बेळगाव शहर आणि भोवतालची गावं एकमेकांना इतकी चिकटली आहेत की नुसता रस्ता ओलांडला तरी कारभार बदलतो. शहरात महानगरपालिका आहे, तिचे ५८ वॉर्ड. कॅम्पचा भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, आणि त्याला २००६ चा स्वतंत्र कायदा लागू. हिंडलगा, कंग्राळी, बेनकनहळ्ळी ही गावं शहराला लागून असली तरी तिथे ग्रामपंचायती आहेत. मच्छे आणि पिरनवाडी पट्टण पंचायती झाल्या. कर्नाटकात लहान शहरांना लोकसंख्येप्रमाणे चढत्या क्रमाने पट्टण पंचायत, पुरसभा आणि नगरसभा अशा संस्था असतात. खानापूरला पट्टण पंचायत आहे, निपाणीला नगरसभा.

ओळखायची सोपी खूण म्हणजे घरमालकाची घरपट्टीची पावती. तिच्यावर ज्या संस्थेचं नाव, तीच तुमची संस्था.

शहराच्या कडेला प्लॉट घेणाऱ्यांनी इथेच थोडं थांबावं. ग्रामपंचायत हद्दीतल्या मिळकतीचा उतारा 'ई-स्वत्तु' या संगणकीय नोंदीतून मिळतो. गावठाणातल्या किंवा रीतसर बिगरशेती झालेल्या जागेला नमुना ९ आणि ११अ मिळतो. ज्या जागेचं तसं काही झालेलं नाही तिला ११ब. विकणारा ११ब दाखवून "पंचायतीत नोंद आहे की" म्हणतो, आणि नवा माणूस फसतो. ११ब म्हणजे कर आकारण्यासाठीची नोंद, लेआउटला मंजुरी नव्हे. बेळगावच्या आसपास लेआउटची मंजुरी बुडाकडे, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाकडे, तपासावी लागते. आयुष्याची पुंजी घालण्यापूर्वी ही चौकशी केलीच पाहिजे.

पायरी दुसरी: सरकारचा माणूस कोण आणि आपली संस्था कोणती

हा भाग नीट समजला की पुढचं सगळं सोपं होतं.

डीसी (जिल्हाधिकारी), तहसीलदार, नाडकचेरी (तहसीलदारांखालचं महसूल कार्यालय), गावचा तलाठी (कागदोपत्री आता 'ग्राम आडळित अधिकारी') ही राज्य सरकारची माणसं. सरकार बंगळूरला आहे, त्याचं काम गावापर्यंत पोहोचवायला ती नेमलेली. निर्णय वरचा, अंमलबजावणी खालची. जमिनीचा उतारा, वारस नोंद, जात व उत्पन्नाचा दाखला ही कामं त्यांच्याकडे. तिथे तुम्ही अर्जदार असता.

ग्रामपंचायत ही सरकारची शाखा नाही. तिला लोक निवडून देतात, तिला स्वतःचा कर बसवता येतो, स्वतःचा आराखडा करता येतो. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात जागा दिली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत: पिण्याचं पाणी, गावातले रस्ते, प्राथमिक शिक्षण, लघुसिंचन, वाचनालयं वगैरे. शहरांसाठी ७४ वी दुरुस्ती आणि बारावी अनुसूची आहे, त्यात १८ विषय. तिथे तुम्ही अर्जदारही असता आणि मालकही.

अडचण अशी की अनुसूचीत विषय आहे म्हणून तो पंचायतीच्या हाती आलाच असं होत नाही. २४३जी कलमाने किती अधिकार द्यायचे ते राज्याच्या विधिमंडळावर सोडलं आहे. म्हणून कुठल्याही कामाबद्दल तीन प्रश्न विचारायची सवय लावा: काम कोणाचं, पैसा कोणाचा, माणूस कोणाचा. तिन्हींचं उत्तर 'पंचायत' आलं तर अधिकार खरोखर खाली आला आहे. गल्लीतल्या दिव्याचं तसं आहे. शाळेचं तसं नाही. शाळा जिल्हा पंचायतीच्या, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेच्या, कक्षेत, शिक्षक राज्याच्या शिक्षण खात्याचे, त्यांच्यावर देखरेख बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची. म्हणून शिक्षक नाहीत ही तक्रार ग्रामपंचायतीत नुसती मांडून भागत नाही. तिथे ठराव करून घ्यायचा आणि तो बीईओंकडे पाठवायचा. शाळेच्या कंपाउंडसाठी मात्र पंचायतीलाच धरता येतं. वीज हेस्कॉम या सरकारी वीज कंपनीची, पण रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल पंचायतीचं. एका गावातून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता बहुधा जिल्हा पंचायतीच्या अभियांत्रिकी विभागाचा, राज्य महामार्ग लोकोपयोगी खात्याचा.

थोडं आडवळण: देश सत्ता खाली का सोडतात

नवख्या माणसाला हे ठाऊक असलेलं बरं, कारण त्यावरून पंचायतीकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं.

पहिलं कारण साधं आहे. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीत पावसाळ्यात कुठला साकव वाहून जातो हे कणकुंबीच्या माणसाला माहीत असतं, बंगळूरच्या सचिवाला नसतं. दुसरं कारण जाब विचारण्याचं: निर्णय घेणारा रोज चावडीवर भेटत असेल तर त्याला विचारता येतं. तिसरं कारण मोठं आणि नाजूक आहे. ज्या देशात निरनिराळ्या भाषांचे आणि समूहांचे लोक राहतात, तिथे सगळी सत्ता एकाच राजधानीत ठेवली की बाकीच्यांना आपण परके आहोत असं वाटू लागतं. केनियात २००७-०८ मध्ये निवडणुकीनंतर भयंकर हिंसा झाली. त्यानंतर २०१० मध्ये आलेल्या संविधानाने ४७ काउंटी निर्माण केल्या आणि त्यांना निवडून आलेले गव्हर्नर व हक्काचा निधी दिला. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाखाली ७५३ स्थानिक सरकारं उभी राहिली. इंडोनेशियात सुहार्तोंची राजवट गेल्यावर २००१ पासून जिल्ह्यांकडे एका दमात फार मोठी सत्ता सोपवली गेली.

सीमाभागातल्या वाचकाने मुद्दाम वाचावं असं उदाहरण इटलीतल्या दक्षिण टिरोलचं आहे. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. पुढची अनेक दशकं तिथे तणाव राहिला, बॉम्बस्फोटही झाले. १९७२ च्या स्वायत्तता कायद्याने त्या प्रांताला व्यापक अधिकार मिळाले, जर्मन भाषेतल्या शाळा आणि कारभार पक्का झाला, आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रिया व इटलीने हा वाद मिटल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं. बेळगावचा प्रश्न तसाच सुटेल किंवा सुटावा, असं मी म्हणत नाही. दोन्हीकडचा इतिहास वेगळा आहे. पण सीमा कुठेही असली तरी खालच्या पातळीवर किती सत्ता आहे यावर रोजचं जगणं ठरतं, एवढं त्यावरून दिसतं.

सत्ता खाली सोडण्यात धोकाही असतो, आणि तो आपल्या गावांत उघड दिसतो. वरून आलेला निधी गावातल्या चार वजनदार घरांत आणि त्यांच्या ठेकेदारांत जिरू शकतो. कधीकधी तर सरकार काम खाली ढकलतं आणि पैसा स्वतःकडेच ठेवतं. यावर उपाय कायद्याच्या पुस्तकात नाही, भरलेल्या ग्रामसभेत आहे.

या बाबतीत कर्नाटकाचा इतिहास अभिमानाने सांगावा असा आहे. घटनादुरुस्तीच्या दहा वर्षं आधी, रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री असताना, या राज्याने १९८३ चा कायदा केला. तो रेटून नेणारे पंचायत राज मंत्री अब्दुल नझीर साब. खेडोपाडी बोअरवेल खणून घेतल्या म्हणून लोक त्यांना 'नीर साब' म्हणत. १९८७ मध्ये निवडणुका झाल्या, महिलांना २५ टक्के जागा राखीव होत्या, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा होता आणि परिषदेचा मुख्य सचिव डीसींपेक्षा ज्येष्ठ अधिकारी असायचा. आजचा कायदा १९९३ चा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव 'कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज कायदा' असं आहे. अध्यक्षाच्या खुर्चीला १९८७ मध्ये जे वजन होतं ते या कायद्यात उरलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी तिसरी: माणसं ओळखा

साधारण चारशे लोकसंख्येमागे एक सदस्य असतो. एका वॉर्डातून एकाहून जास्त सदस्य निवडून येऊ शकतात, त्यामुळे "आमच्या वॉर्डाचा मेंबर कोण" याचं उत्तर दोन-तीन नावं असू शकतं. सदस्य आपल्यातून अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडतात. महाराष्ट्रातल्यासारखा थेट जनतेतून निवडलेला सरपंच इथे नाही. अध्यक्षपदाची मुदत तीस महिन्यांची, आणि आरक्षण फिरतं.

ग्रामसेवकाच्या जागी इथे पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. पैसे निघतात ते अध्यक्ष आणि पीडीओ दोघांच्या संमतीने, हल्ली डिजिटल सहीने. बिल कलेक्टर करवसुली करतो. वॉटरमनला व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सुटतं हे नेमकं ठाऊक असतं. पाण्याच्या तक्रारीची सुरुवात त्याच्यापासून करा, त्याच्याशी नीट बोला, बरीच कामं तिथेच होतात.

वर तालुका पंचायतीत ईओ (कार्यकारी अधिकारी) आणि जिल्हा पंचायतीत सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी). मध्ये निवडून आलेले सदस्य असायला हवेत. इथे एक दुखणं आहे. २०१६ मध्ये निवडून आलेल्या तालुका व जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, आणि मतदारसंघ व आरक्षणाच्या वादात निवडणूक अडकून वर्षानुवर्षं कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. जिथे बेळगाव आणि खानापूरच्या मराठी सदस्यांचा आवाज उठायचा, ते मधले दोन मजले रिकामे राहिले. त्यामुळे ग्रामपंचायतीचं वजन आणखीच वाढलं.

पायरी चौथी: मतदार यादीत नाव

ग्रामसभेचा सदस्य व्हायला वेगळा अर्ज नाही. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो सदस्य. दुसरीकडून आलेल्यांनी नाव हलवण्यासाठी नमुना ८ भरावा, पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यांनी नमुना ६. लग्न होऊन आलेल्या मुलींचं नाव कित्येकदा वर्षानुवर्षं माहेरच्या यादीतच राहतं आणि इथल्या सभेत त्यांना बोलता येत नाही. सासरच्या मंडळींनी रेशनकार्डाइतकीच घाई या अर्जाचीही करावी.

पायरी पाचवी: आधी वॉर्ड सभा, मग ग्रामसभा

महाराष्ट्रातून आलेल्यांना २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखांची सवय असते. इथे तशा तारखांवर विसंबून राहू नका. सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा व्हायला हवी. तारीख पंचायतीच्या फलकावर लागते, गावात दवंडी होते, हल्ली व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही येते. पीडीओंना तोंडी विचारून ठेवलेलं उत्तम.

नवे लोक एक गोष्ट हमखास चुकवतात. ते थेट ग्रामसभेला जातात. पण मागण्या खालून चढतात: वस्तीची सभा, मग वॉर्ड सभा, मग ग्रामसभा. वॉर्ड सभेत जे काम यादीत आलं नाही ते ग्रामसभेत घुसवताना भांडण होतं, कारण तोवर पैशाची वाटणी मनातल्या मनात झालेली असते. वॉर्ड सभेला पंधरा-वीस माणसं येतात. तिथे आपल्या गल्लीतली सात-आठ घरं एकत्र गेली तर ती मागणी टाळणं कुणालाही जड जातं.

मागणी कशी मांडावी? "आमच्याकडे गटार नाही" असं म्हणू नका. कुठून कुठपर्यंत, अंदाजे किती मीटर, किती घरं, पाणी सध्या कुठे तुंबतं, जागा कुणाची, हे एका कागदावर लिहून न्या. पावसाळ्यात काढलेला फोटो जोडा. जागा खासगी असेल तर मालकाची लेखी संमती आधी घ्या, कारण बरीच कामं पैशावाचून नाही तर जागेच्या वादावरून परत जातात.

ग्रामसभा अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली भरते. गणपूर्तीसाठी मतदारांचा दहावा हिस्सा किंवा शंभर जण, यातला जो आकडा लहान तेवढी माणसं लागतात, आणि हजर असलेल्यांत महिला किमान तीस टक्के हव्यात. हे कागदावर पूर्ण करायला घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या जातात. तशी वही आली तर सही करू नका. सभेलाच जा. तिथे घरकुलांचे लाभार्थी ठरतात: बसव वसती, आंबेडकर निवास अशा योजनांची यादी ग्रामसभेतून जावी लागते. यादी मोठ्याने वाचायला सांगा. एखाद्या विधवा काकूंचं नाव वगळून पक्क्या घरवाल्याचं नाव आलं असेल तर त्याच क्षणी उभं राहून बोलायचं, नंतर अर्ज करत बसायचं नाही. सभा संपण्यापूर्वी ठराव लिहून झाले का, ते वाचून दाखवा, असा आग्रह धरा. पुढे सगळी लढाई त्या ठरावाच्या शब्दांवर होते.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांसाठी आणखी एक ग्रामसभा महत्त्वाची आहे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. गवाळी, पास्तोली, कोंगळा, आमगाव, तळेवाडी ही गावं त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. वनहक्क कायदा, २००६ खालचे दावे आधी गावाच्या ग्रामसभेत तपासले जातात, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातात. या सभेला निम्मी हजेरी लागते, त्यात एक तृतीयांश महिला. अनुसूचित जमातीत नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जुन्या पावत्या, मुंबई इलाख्याच्या काळातले मोडीतले कागद, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, सगळं जपून ठेवा.

पायरी सहावी: पैसा कुठून येतो ते बघा

पंचायतीच्या तिजोरीत तीन वाटांनी पैसा येतो. केंद्रीय वित्त आयोगाचं अनुदान, राज्याचं अनुदान, आणि गावाची स्वतःची वसुली. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या ग्रामीण अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिलेला होता. तो पैसा समाजमंदिराच्या रंगाला वापरता येत नाही, कुणी कितीही मागणी केली तरी. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, तोही पगारासाठी नाही. म्हणून "निधी नाही" असं उत्तर आलं की विचारा: कोणता निधी नाही, बांधलेला की मोकळा?

स्वतःची वसुली म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानांचे परवाने. या पैशावर वरून कुणाचा हुकूम चालत नाही, म्हणून स्वायत्ततेचा खरा कणा हाच. ज्या गावात घरपट्टी थकलेली असते तिथे वॉटरमनचा पगार थकतो, मोटार जळली की दुरुस्तीला वाट बघावी लागते, आणि पंचायत पुन्हा आमदारांच्या दारात उभी राहते. घरपट्टी वेळेवर भरा, पावती घ्या. ती हातात असली की सभेतल्या तुमच्या बोलण्याला धार येते.

खर्च बघायला कुणाची परवानगी लागत नाही. 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका निवडून आपल्या पंचायतीचा आराखडा आणि दिलेली देणी मोबाइलवर दिसतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी हे दहा मिनिटांत शिकावं आणि घरातल्या थोरांना दाखवावं. शिवाय दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास जमाबंदी होते. त्या दिवशी वरचा अधिकारी येतो, वर्षाचे हिशेब लोकांसमोर ठेवले जातात आणि केलेली कामं जागेवर जाऊन पाहता येतात. ग्रामसभेपेक्षाही कमी गर्दी तिला असते, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी दिवस तोच. बिलात दोनशे मीटर गटार दाखवलं असेल तर टेप घेऊन मोजता येतं.

पायरी सातवी: भाषेमुळे मागे राहू नका

कामकाजाची भाषा कानडी आहे. इतिवृत्त, नोटिसा, पावत्या कानडीत येणार, हे धरून चाला. पण तुम्हाला मराठीत बोलायला किंवा गाऱ्हाणं मांडायला कुणी मज्जाव करू शकत नाही. संविधानाचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचं निवेदन कोणत्याही अधिकाऱ्याला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठी अर्ज घेत नाही असं खिडकीवर सांगितलं तर या कलमाचा उल्लेख शांतपणे करा. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्राच्या तरतुदींत, जिथे अल्पसंख्याक भाषकांचं प्रमाण १५ टक्के आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे तत्त्व मान्य झालेलं आहे. त्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावातून जरूर करावी.

त्याच वेळी व्यवहाराचं सांगतो. पीडीओ विजयपूर किंवा रायचूरकडचे असू शकतात, त्यांना मराठी येतच नसेल. एकाच कागदावर वर मराठी आणि खाली कानडी मजकूर द्या. गावातली जी मुलं कानडी शिकली आहेत त्यांना बरोबर घ्या. कानडी वाचता येणं ही सीमाभागात मोठी ताकद आहे. ठरावात नेमकं काय लिहिलंय ते ज्याला वाचता येतं त्याला फसवता येत नाही. मराठीचा आग्रह आणि कानडीचं ज्ञान, दोन्ही एका माणसात सुखाने राहू शकतात. आपल्या आज्या-पणज्या दोन्ही भाषांत बाजार करत होत्याच.

गावातली वाचनालयं २०१९ पासून पंचायत राज खात्याकडे आली, त्यांना आता 'अरिवु केंद्र' म्हणतात. तिथे मराठी दैनिक आणि मराठी पुस्तकं घ्यावीत असा ठराव मराठी वस्तीच्या प्रत्येक गावाने करावा. घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर आपण भरतोच.

पायरी आठवी: काम अडलं तर

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. 'सकाल' या कर्नाटकाच्या सेवा हमी कायद्याखाली येणाऱ्या सेवांना मुदत ठरलेली आहे, अर्ज केल्यावर जीएससी क्रमांक मिळतो, आणि विलंब झाल्यास दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ वाटेल, पण ती अधिकाऱ्याच्या खिशातून जाते, म्हणून क्रमांक दाखवला की काम हलतं.

पीडीओंकडून उत्तर नाही आलं तर ईओंना लिहा, तिथून नाही तर जिल्हा पंचायतीच्या सीईओंना. प्रत्येक वेळी आधीच्या अर्जाची प्रत जोडा.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा आहे. त्याला इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते, त्यामुळे तो मराठीत देऊन वेळ घालवू नका. देवनागरीची सवय असलेल्यांना हिंदी सोपी पडते. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, अशी मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. "पंचायतीच्या कारभाराची माहिती द्या" असं लिहिलं की हाती काही लागत नाही. "अमुक वर्षी अमुक गल्लीतल्या गटाराच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची प्रत आणि देयकाची प्रत" असं मागा.

आणि स्वतःच उभं राहायचं असेल तर

वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत आणि गावच्या यादीत नाव हवं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे महाराष्ट्र एकीकरण समितीचा असो वा राष्ट्रीय पक्षाचा, मतपत्रिकेवर सगळे सारखेच. निम्म्या जागा महिलांच्या. निवडून आलेल्या ताईंच्या खुर्चीत त्यांचे पती बसलेले दिसतात, आणि गावही ते चालवून घेतं. कायद्यात सदस्याच्या पतीला कसलंही स्थान नाही. सभेत ताईंनीच बोलावं असं बाकीच्या महिलांनी उघडपणे म्हणायला हवं. सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी म्हैसूरला अब्दुल नझीर साब यांच्याच नावाची राज्य संस्था आहे, तिच्या प्रशिक्षणाचा निरोप आला की घरकाम किंवा शेतीची सबब सांगू नये.

शपथ झाली की पहिल्याच महिन्यात पीडीओंकडून चार कागद मागून घ्या: चालू वर्षाचा मंजूर आराखडा, मागच्या लेखापरीक्षणाचा अहवाल आणि त्यातले न मिटलेले आक्षेप, घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी, आणि पंचायतीच्या मालकीच्या जागांची नोंद. शेवटचा कागद मिळायला सर्वांत जास्त वेळ लागेल. तो मिळेपर्यंत प्रत्येक बैठकीत विचारत राहा, कारण गावाच्या जागा सर्वांत आधी त्याच कागदातून नाहीशा होतात.